नव्या घरात टेलिफोनची एक्स्टेन्शन सॉकेट जोडताना

नव्या घराचे काम चालू असताना टेलिफोनच्या वायरींचा विचार बहुधा सगळ्यांत शेवटी होतो. विजेची वायरिंग, नळजोडणी, फरशी आणि रंग यांच्या धावपळीत हे काम कोणाच्या तरी गळ्यात घातले जाते, आणि राहायला गेल्यावर लक्षात येते की दिवाणखान्यातला फोन व्यवस्थित चालतो, पण आतल्या खोलीतल्या सॉकेटला डायल टोनच नाही. खरे तर हे काम अवघड नाही. पकड आणि स्क्रू ड्रायव्हर हाताळण्याची सवय असलेल्या कोणालाही ते शांतपणे करता येते. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून मनात पक्की हवी. भिंतीच्या आत जे जाते ते नंतर बदलणे फार जड जाते, आणि सॉकेटच्या झाकणामागे जे असते ते दहा मिनिटांत बदलता येते. त्यामुळे काटकसर करायचीच असेल तर ती सॉकेटच्या रंगारूपात करावी, भिंतीत जाणाऱ्या केबलमध्ये आणि पाइपमध्ये कधीही करू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी लाइनवर नेमके काय चालते ते समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात. साध्या टेलिफोनला दोनच तारा लागतात. रिसीव्हर जागेवर ठेवलेला असताना या दोन तारांमध्ये सुमारे ४८ व्होल्टचे डीसी व्होल्टेज असते. रिसीव्हर उचलला की उपकरणातून साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, व्होल्टेज सहा ते दहाच्या आसपास उतरते, आणि फोन उचलला गेल्याचे एक्स्चेंजला या प्रवाहावरूनच कळते. घंटी वाजवण्यासाठी त्याच दोन तारांवर ७५ ते ९० व्होल्टचे, २० ते २५ हर्ट्झचे एसी व्होल्टेज सोडले जाते. उघड्या तारा हातात असताना नेमका कोणाचा फोन आला, तर बसणारा झटका चांगलाच जाणवतो, आणि आपण शिडीवर उभे असलो तर त्या दचकण्याने तोल जाऊ शकतो. म्हणून काम सुरू करताना बाहेरून येणारी लाइन प्रथम सोडवून ठेवावी. घरातली सगळी सॉकेट या दोन तारांवर समांतर जोडलेली असतात, म्हणजे प्रत्येक सॉकेटवर त्याच दोन तारा पोहोचलेल्या असतात. एक्स्टेन्शन म्हणजे याहून वेगळे काही नाही.

आणखी एक मर्यादा पाळावी. बाहेरून आलेली लाइन ज्या पेटीत किंवा पहिल्या सॉकेटमध्ये संपते, तिथपर्यंतची मालकी टेलिफोन कंपनीची असते आणि त्यापुढची आपली. कंपनीच्या बाजूच्या जोडण्यांना हात लावू नये. काही पेट्यांमध्ये घरातली वायरिंग एका झटक्यात वेगळी करण्याची सोय असते आणि तिथे फोन थेट लावून पाहता येतो. तशी सोय नसेल तर आपल्या बाजूला ती अवश्य करून घ्यावी. लाइन बिघडली की दोष बाहेर आहे की घरात, एवढे एका मिनिटात ठरवता आले तर पुढची पुष्कळ वणवण वाचते.

केबल आणि पाइप

केबल घेताना चार जोड्यांची कॅट-५ई, म्हणजे संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात ती पिळलेल्या जोड्यांची केबल, घ्यावी. फोनला एकच जोडी पुरते, मग चार कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण भिंतीतली एखादी तार तुटली तर दुसरी जोडी हाताशी असते, पुढे दुसरी लाइन घेता येते, आणि फोन नकोसा झाला तर त्याच केबलवर संगणकाचे जाळे चालवता येते. केबल भरीव तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिची तार ठिसूळ असते आणि एकदोनदा वाकवली की सॉकेटपाशीच तुटते. ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे तारेचे टोक चाकूने हलके खरवडून पाहावे. आत पांढरट चमक दिसली तर ती केबल परत करावी. फोनपासून सॉकेटपर्यंत जाणारी चपटी, लवचीक दोरी भिंतीत मुळीच घालू नये. तिच्या तारांना एकमेकींचा पीळ नसतो आणि बाहेरचा गोंगाट ती सहज ओढून घेते.

पिळाचे महत्त्व इथे थांबून सांगायला हवे, कारण या कामातल्या निम्म्या तक्रारी त्याच्याशी निगडित असतात. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या की शेजारच्या विजेच्या वायरीचा परिणाम दोन्हींवर सारखाच होतो, आणि फोन दोन तारांमधला फरक तेवढा ऐकत असल्यामुळे तो परिणाम बाद होतो. पीळ सुटला की हे संरक्षण गेले.

पाइप २० किंवा २५ मिलिमीटरचा असावा आणि तो विजेच्या पाइपपासून वेगळा असावा. टेलिफोनची केबल विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालणे ही सर्वांत गंभीर चूक आहे. आवाजातली घरघर हा त्यातला किरकोळ त्रास झाला. विजेच्या वायरीचे आवरण कुठे खरचटले तर मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज फोनच्या तारांवर येऊ शकते, आणि ती तार माणूस कानाला लावून बसलेला असतो. दोन पाइप समांतर जात असतील तर त्यांच्यात २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकमेकांना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे.

दोन पेट्यांच्या दरम्यान दोनांपेक्षा जास्त वळणे नसावीत, आणि वळण एकदम काटकोनी न घेता सावकाश घ्यावे. कॅट-५ई केबल तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरची त्रिज्या सांभाळावी. केबल खेचताना ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलोच्या ओढीपेक्षा, जास्त जोर लावू नये. ती अडकली तर हिसका न देता मागे घ्यावी, एकाने एका टोकाने केबल सोडावी आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने ओढावी. केबलबरोबरच एक रिकामी नायलॉनची दोरी पाइपात सोडून ठेवावी. पुढे कधी नवी केबल घालायची झाली तर भिंत न फोडता ती दोरी कामी येते.

प्रत्येक सॉकेटपाशी २० ते ३० सेंटिमीटर आणि मुख्य पेटीपाशी, म्हणजे बाहेरची लाइन घरातल्या केबलना जिथे जोडली जाते तिथे, किमान एक मीटर केबल जादा सोडावी. हे जादा टोक गुंडाळून, त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पेटीत नीट दाबून ठेवावे, नाहीतर गिलाव्याचे काम होताना त्याचे काय होते ते नव्याने सांगायला नको. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे, आणि शक्य तर भिंतीला मोजपट्टी लावून काढावे. दोन वर्षांनी चित्र टांगण्यासाठी खिळा ठोकताना त्याची किंमत कळते.

सॉकेट कुठे बसवायचे हे ठरवताना शेजारी विजेचा पॉइंट असेल असे पाहावे, कारण कॉर्डलेस फोनच्या बैठकीला स्वतंत्र वीज लागते. पाण्याजवळच्या जागा, ओल येणारी बाहेरची भिंत आणि फरशीला टेकलेली जागा टाळावी. फरशी पुसताना पाणी शिरलेल्या सॉकेटमध्ये तांब्यावर हिरवट थर चढलेला हमखास सापडतो. डीसी व्होल्टेज आणि ओल एकत्र आले की तांबे झिजते, आणि ही झीज धन बाजूच्या तारेवर जास्त होते. टेलिफोनच्या जाळ्यांमध्ये धन बाजू जमिनीला जोडून लाइनवर ऋण ४८ व्होल्ट ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यामागेही जमिनीखालच्या तारांची ही झीज रोखण्याचाच विचार आहे.

साखळी की ताऱ्याची मांडणी

सॉकेट जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत केबल पहिल्या सॉकेटवरून दुसऱ्याकडे, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे अशी साखळीने जाते. दुसरीत प्रत्येक सॉकेटची स्वतंत्र केबल थेट मुख्य पेटीत येते, म्हणजे ताऱ्यासारखी मांडणी होते. साखळीला केबल कमी लागते, पण मधले एक सॉकेट बिघडले की त्यापुढची सगळी मुकी होतात आणि दोष शोधण्यासाठी घरातले एकेक झाकण उघडावे लागते. नव्या घरात भिंती उघड्या असतात, त्यामुळे माझा स्पष्ट कौल ताऱ्याच्या मांडणीला आहे. मुख्य पेटीत उभे राहून एकेक खोली वेगळी करून पाहता येणे ही फार मोठी सोय आहे.

ताऱ्याच्या मांडणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. टेलिफोनच्या तारांवरून ब्रॉडबँड येत असेल तर त्याचे संकेत बोलण्याच्या आवाजापेक्षा पुष्कळ वरच्या कंप्रतेवर असतात. आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये मावतो, तर एडीएसएल हा टेलिफोनच्या तारांवरचा ब्रॉडबँडचा प्रकार साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतो, आणि व्हीडीएसएल हा त्याहून वेगवान प्रकार त्याहून कितीतरी वर जातो. अशा संकेतांना पेटीतून फुटलेली प्रत्येक फांदी म्हणजे एक आंधळी गल्ली असते. संकेत तिच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरतो आणि मूळ संकेतात मिसळून वेग खाली आणतो. यावर उपाय मात्र सोपा आहे. बाहेरची लाइन आली की तिच्यावर प्रथम स्प्लिटर, म्हणजे आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी डबी, बसवावा. त्याच्या एका बाजूने मॉडेमसाठी एक स्वतंत्र जोडी थेट न्यावी, आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे आवाजाच्या बाजूने, सगळ्या खोल्यांच्या फांद्या काढाव्यात. मग फांद्या कितीही असल्या तरी ब्रॉडबँडला त्या दिसत नाहीत, आणि प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावण्याचीही गरज उरत नाही.

प्रत्यक्ष जोडणी

कॅट-५ई केबलमध्ये निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी अशा चार जोड्या असतात, आणि प्रत्येक रंगाबरोबर त्याच रंगाच्या पट्ट्यांची पांढरी तार असते. फोनसाठी सर्व खोल्यांत निळी जोडीच वापरावी, म्हणजे निळी तार आणि निळ्या पट्ट्यांची पांढरी तार. एका खोलीत निळी आणि दुसरीत नारिंगी असे करू नये. टेलिफोनच्या सहा जागांच्या सॉकेटमध्ये मधले दोन संपर्क, म्हणजे तिसरा आणि चौथा, लाइनचे असतात. आठ संपर्कांच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये निळी जोडी चौथ्या आणि पाचव्या संपर्कावर येते आणि तेही अगदी मधलेच आहेत. त्यामुळे फोनचा लहान प्लग आरजे-४५ सॉकेटमध्ये लावला तरी तो बरोबर त्याच जोडीला टेकतो. म्हणूनच सगळीकडे आरजे-४५ सॉकेट बसवणे शहाणपणाचे ठरते. मात्र लहान प्लगच्या कडा बाहेरच्या संपर्कांवर दाबल्या जाऊन ते वाकू शकतात, त्यामुळे जे सॉकेट पुढे संगणकासाठी लागेल त्यात फोनचा प्लग वारंवार काढघाल करू नये. ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये लाइन दुसऱ्या आणि पाचव्या टर्मिनलवर असते, आणि तिसऱ्यावर घंटीची वेगळी तार असते. आजच्या फोनना ती तिसरी तार सहसा लागत नाही, आणि ती जोडली नाही तर ब्रॉडबँडला उलट फायदाच होतो.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. घर नवे असताना मागच्या खोलीतला फोन लागत होता, घंटीही वाजत होती, पण बोलताना सतत एक बारीक घुंई ऐकू यायची आणि खोलीतला पंखा लावला की ती वाढायची. मीटरने तपासले तर तारा अखंड होत्या. फोन बदलून पाहिला, सॉकेट बदलून पाहिले, काही फरक पडला नाही. शेवटी झाकण काढून विजेरीच्या उजेडात नीट पाहिले, तेव्हा दिसले की टर्मिनलवर एक निळी आणि एक नारिंगी तार बसवलेली होती आणि दोन्हींच्या पांढऱ्या जोडीदार तारा कापून मागे दुमडलेल्या होत्या. ज्याने काम केले त्याला दोन ठळक रंग ओळखायला सोपे वाटले असतील. मुख्य पेटीतही त्याने तसेच केले होते, त्यामुळे मीटरला काही खोट दिसत नव्हती. पण या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या होत्या, त्यांना एकमेकींचा पीळ नव्हता, आणि पंख्याच्या वायरीची घुंई तिथून आत येत होती. दोन्ही टोकांना पांढरी-निळी तार आणून बसवली आणि लाइन लगेच स्वच्छ झाली. जोडी कधीही फोडू नये, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

तारा बसवताना बाहेरचे आवरण चारपाच सेंटिमीटरच काढावे आणि आतल्या तारांना पात्याचा चरा पडू देऊ नये. चरा पडलेली तार त्या दिवशी चालते आणि पुढे कधीतरी तुटते. पीळ शेवटच्या १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. सॉकेटमध्ये क्रोन पद्धतीच्या खाचा असतील तर तारेचे प्लॅस्टिक सोलायचे नसते. खाचेतली पातीच ते प्लॅस्टिक कापून तांब्याला पकडतात. तार खाचेवर ताणून धरावी, पंचिंग टूल, म्हणजे तार खाचेत दाबून जादा टोक कापणारे हत्यार, अगदी सरळ टेकवावे आणि खट् असा आवाज येईपर्यंत दाबावे. कापणारी बाजू तारेच्या उरलेल्या टोकाकडे आहे ना, हे दाबण्यापूर्वी पाहावे, नाहीतर टूल कामाचीच बाजू कापून टाकते. घाईत अनेक जण इथे स्क्रू ड्रायव्हर वापरतात. त्याने पाती फाकतात, आणि मग पकड कायमची सैल होते.

खाचांऐवजी स्क्रू असतील तर तारेचे टोक एक-दीड सेंटिमीटर सोलून त्याचा छोटा आकडा करावा आणि तो स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावा, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलट दिशेने घातली तर ती बाहेर सरकते. वॉशरखाली प्लॅस्टिक अडकलेले नाही, हेही पाहावे.

मुख्य पेटीत सगळ्या निळ्या जोड्या एकत्र करण्यासाठी क्रोन मॉड्यूल, म्हणजे तशाच खाचांची पट्टी, किंवा जेल भरलेले क्रिंप कनेक्टर, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे छोटे जोड, वापरावेत. तारा एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळतो, पावसाळ्यात आत ओल शिरते, तांबे काळे पडते आणि लाइनवर खरखर सुरू होते. जोडताना सगळ्या निळ्या तारा एका बाजूला आणि सगळ्या पांढऱ्या-निळ्या दुसऱ्या बाजूला जातील याची खात्री करावी. आजचे बहुतेक फोन उलट ध्रुवतेवरही चालतात, पण काही जुन्या बटणांच्या फोनवर तारा उलट असल्या की ऐकू येते आणि नंबर मात्र लागत नाही.

तपासणी

तपासणी दोनदा करावी, एकदा गिलाव्यापूर्वी आणि एकदा सॉकेट बसल्यावर. बाहेरची लाइन सुटलेली असताना सॉकेटच्या टोकाला निळी आणि पांढरी-निळी तार एकमेकींना टेकवून बांधावी आणि मुख्य पेटीपाशी मल्टिमीटरने त्या जोडीचा रोध मोजावा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला सुमारे १८ ओहम असतो. घरातल्या २० मीटरच्या केबलला साडेतीन-चार ओहम दिसायला हवेत. आकडा याहून बराच जास्त आला किंवा केबल हलवली की बदलत राहिला, तर कुठेतरी पकड सैल आहे. मग बांधलेल्या तारा सोडवून पुन्हा मोजावे. आता मीटरने पूर्ण तुटक दाखवली पाहिजे. थोडासाही रोध दिसला तर आत खिळा लागला आहे, आवरण चिरडले आहे किंवा ओल शिरली आहे, आणि भिंत बंद होण्यापूर्वी ती केबल बदलावी.

त्यानंतर लाइन जोडून प्रत्येक सॉकेटवर सुमारे ४८ व्होल्ट येतात का ते पाहावे, मग एकच फोन हातात घेऊन खोलीखोलीतून डायल टोन ऐकावा, आणि शेवटी सगळे फोन लावून मोबाइलवरून त्या नंबरला फोन करावा. लाइनची घंटी वाजवण्याची ताकद मर्यादित असते. फोन या ताकदीतला किती वाटा घेतो ते सांगणारा आरईएन नावाचा आकडा बहुतेक फोनच्या तळाशी छापलेला असतो, आणि सगळ्या फोनच्या आकड्यांची बेरीज ब्रिटिश मोजणीत ४ आणि अमेरिकन मोजणीत ५ पेक्षा जास्त होऊ देऊ नये. जुन्या खऱ्या घंटीचे फोन एकट्यानेच एक एकक घेतात. घंटी क्षीण वाजत असेल तर एक फोन काढून पाहावा.

घरात फायबर येणार असेल तर ही सगळी वायरिंग वाया जात नाही. फायबरच्या उपकरणावर टेलिफोनचे जे सॉकेट असते, त्यातून एक जोडी मुख्य पेटीत आणून खोल्यांच्या फांद्यांना जोडली की सगळी एक्स्टेन्शन पूर्वीसारखी चालतात. मात्र त्याआधी बाहेरून आलेली जुनी तांब्याची लाइन पेटीतून पूर्णपणे सोडवलीच पाहिजे. दोन्ही एकत्र आल्या तर एक्स्चेंजचे व्होल्टेज उपकरणात शिरून ते निकामी होऊ शकते. हे उपकरण किती फोनच्या घंट्या पेलते ते त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. फायबरचे उपकरण घरच्या विजेवर चालते, म्हणून घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर त्याला बॅटरीची जोड द्यायला विसरू नये.

काम संपल्यावर मुख्य पेटीतल्या प्रत्येक केबलला खोलीचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि कोणती केबल कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीतून जाते आणि कोणती जोडी वापरली आहे याचा आकृतीसह एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, कारण बॉलपेनची शाई काही वर्षांत फिकट होते.